चौतीस आठवड्यांचा हिशेब
(बी. ए. भाग २ ची एक विद्यार्थिनी)

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आई चौथीपर्यंत शिकली. बाबा शाळेत गेले ते शाळेच्या इमारतीला रंग द्यायला, मजुरीवर. त्यामुळे नात्यातल्या कुणालाही तालुक्याला, कचेरीत किंवा दवाखान्यात जायचे असले की मला सोबत नेतात. "तू शिकलेली आहेस, चल," एवढेच म्हणतात. पाटी वाचणे, फॉर्म भरणे, अंगठा कुठे लावायचा ते दाखवणे ही माझी कामे.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी अशीच माझ्या मामांबरोबर नागपूरला गेले. मामांच्या तोंडात, डाव्या गालाच्या आत, जखम होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड पाहिले आणि विचारले, "कधीपासून आहे हे?"

मामा म्हणाले, "झाले असतील जी, आठ-पंधरा दिस."

डॉक्टरांनी कागदावर लिहिले : तक्रार, १५ दिवसांपासून.

मी शेजारीच उभी होते. दिवाळीत मी मामांकडे गेले होते तेव्हा त्यांना भाताचा घास नीट तोंडात घालता येत नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे पंधरा दिवस ही गोष्ट खरी नव्हती. तरीही मी गप्प राहिले. बाहेर आल्यावर विचारले, "मामा, असं काऊन सांगितलं?" ते म्हणाले, "खरं सांगतलं असतं तर रागावले असते ना. इतके दिस झोपला होता का, म्हणले असते."

त्या दिवसापासून 'कधीपासून?' हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आमच्या समाजशास्त्राच्या सरांशी मी याबद्दल बोलले, तेव्हा त्यांनी मला काही वाचायला दिले आणि जे इंग्रजीत होते ते समजावूनही सांगितले. त्यातून मला जे कळले ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. मी वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. तेव्हा चूकभूल झाल्यास प्राध्यापकवर्गाने सांभाळून घ्यावे.

उशीर कशाला म्हणायचे?

कर्करोगात वेळेला फार महत्त्व आहे हे आपण सर्वच ऐकून आहोत. पण किती महत्त्व? २०२० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून त्यात असे दाखवले आहे की, शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. चार आठवडे म्हणजे आपल्याकडे तीन आठवडी बाजार चुकवून चौथ्याला जाण्यासारखे. कुणाला त्याचे काही वाटतही नाही.

आता या उशिराचे दोन भाग पडतात. एक भाग रोग्याला पहिल्यांदा काही जाणवले तेव्हापासून तो योग्य दवाखान्यात पोचेपर्यंतचा. दुसरा भाग दवाखान्यात पोचल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा. दुसऱ्या भागाची नोंद असते. केसपेपरची तारीख, तपासणीची तारीख, शस्त्रक्रियेची तारीख हे सगळे कागदावर असते, कुणालाही मोजता येते. पहिल्या भागाची नोंद मात्र कुठल्याही रजिस्टरात नसते. ती फक्त रोग्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या आठवणीत असते. ती त्यांना विचारूनच मिळवावी लागते, आणि ती कशी विचारली यावर ती खरी येते की खोटी हे ठरते. मामांच्या कागदावरचे 'पंधरा दिवस' हीसुद्धा रोग्यानेच दिलेली माहिती होती. ती भीतीने दिलेली होती, एवढेच.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात हा पहिला भाग किती लांब असू शकतो याची कल्पना नकाशा पाहिला तरी येते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि त्यातला बहुतेक भाग जंगलाचा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास, आणि त्यात शंभरात सुमारे ३९ आदिवासी. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. तिथून नागपूर पुन्हा जवळजवळ तेवढेच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडायचा, हे वर्षानुवर्षे आपण ऐकत आलो आहोत.

त्यात आपल्याकडचा खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ आपल्या वर्गातही कुणाच्या खिशात नाही असे नाही! सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर हळूहळू ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर दवाखान्यात दाखवलेच पाहिजे. पुढे तिथेच पांढरा किंवा लाल चट्टा, मग न भरणारी जखम. घात असा की ही जखम सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आणि आमच्या गावात जे दुखत नाही त्यासाठी मजुरी बुडवून कुणी दवाखान्यात जात नाही.

मामांचा हिशेब

मार्चमध्ये, होळी झाल्यावर लगेच, मामांची शस्त्रक्रिया झाली. जबड्याचा काही भाग काढावा लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी महिनाभर त्यांच्याकडे राहिले. तेव्हा मी ठरवले की हे पंधरा दिवस खरे किती होते ते काढायचे.

अडचण अशी होती की मामांना शस्त्रक्रियेनंतर स्पष्ट बोलता येत नव्हते, आणि लिहिता तर आधीच येत नव्हते. तारखा मामींनाही सांगता येत नव्हत्या. मग मी सणांची आणि शेतीच्या कामांची नावे एकेक घेतली. "रोवणा सुरू होता तेव्हा होती का जखम?" "पोळ्याला होती का?" मामा खाटेवर बसून मान हलवत आणि बोटाने गालावर केवढी होती ते दाखवत. मामी मध्ये दुरुस्ती करत. आजी गोंडीत आणखी काही आठवण सांगे. पुढे सरांनी मला सांगितले की ज्यांना जन्मतारीख वा वय सांगता येत नाही त्यांच्याकडून पाहणी करणारे लोक अशीच माहिती घेतात, त्यासाठी त्या त्या भागाच्या सण-घटनांची दिनदर्शिका आधी तयार करतात. आम्हाला ते ठाऊक नव्हते. आमच्याकडे दुसरा उपायच नव्हता.

दोन संध्याकाळी बसून निघालेला हिशेब असा :

रोवणा ते पोळा, ६ आठवडे. खर्रा खाल्ला की गालात चुरचुरे, भाजीचे तिखट लागे. ज्वारीच्या दाण्याएवढी जखम. दुखत नव्हती म्हणून कुणाला सांगितलेच नाही.

पोळा ते दसरा, ६ आठवडे. मामींच्या लक्षात आले. गावातल्या वैदूची जडी लावली. देवाला कोंबडे कबूल केले.

दसरा ते दिवाळी, ३ आठवडे. जवळच्या आरोग्य केंद्रात तीन खेपा. लावायला मलम आणि लाल गोळ्या मिळाल्या. तिन्ही वेळा तोंड पूर्ण उघडून कुणी पाहिले नाही, आणि मामांनीही आग्रह धरला नाही.

दिवाळी ते संक्रांत, १० आठवडे. धानाची कापणी, बांधणी, चुरणे. धान विकले, पण चुकारे हातात यायला वेळ लागला. पैशांशिवाय बाहेर कसे जायचे?

संक्रांत ते नागपूरची पहिली खेप, ४ आठवडे. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी संशय सांगितला आणि लगेच नागपूरला जायला सांगितले. पण रेशनकार्डावर मामांचे नाव एक, आधारवर दुसरे. ते सारखे करण्यात महिना गेला.

नागपूरची पहिली खेप ते शस्त्रक्रिया, ५ आठवडे. तुकडा काढून तपासणी, अहवाल, मग तारीख.

एकूण ३४ आठवडे. त्यांपैकी दवाखान्याच्या कागदावर दिसतात ते शेवटचे ५. बाकीच्या २९ आठवड्यांऐवजी कागदावर आहेत १५ दिवस.

हिशेबातून काय दिसते?

"आदिवासी लोक अंधश्रद्धाळू आहेत, ते उशिरा येतात," असे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. आम्ही गोंड आहोत. त्यामुळे हे वाक्य मला लागते, आणि नागपूरला जाईपर्यंत मला ते थोडेफार खरेही वाटत असे. हिशेब मांडल्यावर मात्र दिसले की जडी आणि कोंबडे यांत गेलेले आठवडे ६, आणि धान व चुकारे यांत गेलेले १०. कागदातल्या नावाच्या घोळाने ४ खाल्ले. आरोग्य केंद्रात गेलेल्या ३ आठवड्यांत मामा घरी बसलेले नव्हते, ते दवाखान्यातच जात होते.

प्रत्येक तुकड्याचा उपाय वेगळा आहे. पहिल्या तुकड्यावर उपाय म्हणजे 'न दुखणारी जखमही दाखवा' हे गावात कळणे. दुसऱ्यावर वैदूला बरोबर घेणे, कारण जखम सर्वांत आधी तोच पाहतो. तिसऱ्यावर आरोग्य केंद्रात तोंड उघडून बघण्याची शिस्त. चौथ्यावर सुगीच्या दिवसांत जाण्यायेण्याची आणि घरच्या कामाची सोय. पाचव्यावर एक कारकून, जो एका खेपेत नाव दुरुस्त करून देईल. 'जनजागृती करा' एवढेच म्हणून भागत नाही. नेमके कुठे अडले हे विचारल्याशिवाय उपाय चुकीच्या जागी होतो.

सरकारी योजना नाहीत असेही नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. मामांची शस्त्रक्रिया तिच्यातूनच झाली, आम्हाला तिचा एक पैसा पडला नाही. देशभरच्या पाहणीतही असे दिसते. चंडीगडच्या पीजीआय संस्थेच्या पुढाकाराने सहा राज्यांतील ६,६९५ कर्करोग्यांची माहिती त्यांच्या मुलाखतींतून जमवण्यात आली होती. तिच्यावर आधारित २०२४ च्या अभ्यासात, २०१८ नंतर निदान झालेल्यांमध्ये वेळेवर उपचार सुरू होण्याचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. २०१८ हे आयुष्मान भारत योजनेचे वर्ष. म्हणजे पैशाचा अडसर दूर केला की उशीर कमी होतो. पण शेतात उभे असलेले धान आणि कार्डावरचे चुकलेले नाव हे अडसर योजनेच्या दाराबाहेरचे आहेत.

अमेरिकेतील अनुभव

ही अडचण आपल्याच देशात आहे असे मला वाटत होते. सरांनी दिलेल्या लेखांतून कळले की अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही काळ्या वर्णाच्या लोकांना कर्करोगाचे उपचार गोऱ्यांपेक्षा उशिरा आणि अपुरे मिळतात. आपल्याकडे जात-जमात, तिकडे वंश-वर्ण.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरोल्ड फ्रीमन नावाचे कृष्णवर्णीय शल्यविशारद काम करत होते. त्यांच्याकडे येणाऱ्या गरीब काळ्या स्त्रियांचा स्तनाचा कर्करोग फार पुढे गेलेला असे. फ्रीमन अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे अध्यक्ष असताना, १९८९ साली, त्या संस्थेने देशातील निरनिराळ्या शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. गरीब रोग्यांनी तिथे उभे राहून आपल्याला उपचार मिळवताना काय काय अडले ते सांगितले. त्यावरून १९९० मध्ये हार्लेममध्ये एक साधी योजना सुरू झाली : रोग्याला बोट धरून एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत नेणारा वाटाड्या. या वाटाड्याबरोबरच स्वस्त तपासणीचीही सोय करण्यात आली. पूर्वी तिथल्या स्तनकर्करोगाच्या रोग्यांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्के होते, ते पुढे ७० टक्क्यांवर गेले. हे वाचताना मला वाटले, मामांबरोबर मी तेच तर करत होते. फक्त मी खूप उशिरा, २९ आठवड्यांनंतर आले.

दुसरा प्रयोग ग्रीन्सबरो आणि पिट्सबर्ग या शहरांतला. तिथे रोग्याची एखादी खेप चुकली की संगणक लगेच इशारा देई. मग खास शिकवलेली एक व्यक्ती त्या रोग्याला फोन करून 'का आला नाहीत?' हे विचारी आणि अडचण दूर करी. शिवाय डॉक्टरांना त्यांच्याच रोग्यांपैकी किती काळ्यांचे व किती गोऱ्यांचे उपचार पूर्ण झाले ते आकडे वेगवेगळे दाखवले जात. आधी उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्यांत ८७.३ आणि काळ्यांत ७९.८ टक्के होते. प्रयोगानंतर ते ८९.५ आणि ८८.४ झाले. अंतर जवळजवळ मिटले, आणि त्यासाठी कुणाचे काही कमी करावे लागले नाही. गोऱ्यांचेही प्रमाण वाढलेच.

तिसरा अभ्यास २०१७ सालचा, डॉ. ईथन बॅश यांचा. त्यात कर्करोग शरीरभर पसरलेले ७६६ रोगी होते. एका गटातील रोग्यांनी आपल्याला होणारा त्रास दर आठवड्याला स्वतः संगणकावर नोंदवायचा, त्रास वाढला की परिचारिकेला निरोप जायचा. दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे, रोगी खेपेला येईल तेव्हा विचारायचे. पहिल्या गटाचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने आले, दुसऱ्याचे २६. औषधे तीच. रोग्याचे म्हणणे वेळेवर ऐकल्याने पाच महिने वाढले.

आपल्या महाराष्ट्रात

आता कुणी म्हणेल, हे सारे अमेरिकेत चालते, आपल्याकडे कुठे? तर आपल्याकडेही झाले आहे, आणि त्यातले काही अगदी आपल्या जिल्ह्यात.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात होती. शहरात दवाखान्यांच्या रजिस्टरांवरून नोंदणी करता येते. खेड्यांत रोगी दवाखान्यात पोचतच नसेल तर रजिस्टरात काय सापडणार? म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांना लक्षणे समजावून सांगत, कुणाला असा त्रास आहे का हे विचारत आणि संशयित रोग्याला बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात आणण्यास मदत करत. हेतू नोंदणीचा होता. पण काही वर्षांत असे दिसून आले की गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचे रोगी पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले आहेत.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या नोंदी पाहून हे कधी कळले असते?

याच संस्थेने दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते कारण पांढरे प्रेताला गुंडाळतात, आणि घरच्यांना जवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. म्हणून शोधग्रामातला दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. विचारणे आणि त्याप्रमाणे वागणे, दोन्ही एकत्र झाले की काय होते त्याचे हे उदाहरण आहे.

तरीसुद्धा मोठी उणीव आहेच. आदिवासींच्या आरोग्यावर नेमलेल्या, डॉ. अभय बंग अध्यक्ष असलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली अहवाल दिला. आदिवासींची आरोग्याची माहिती वेगळी गोळाच केली जात नाही, ही त्यातली एक मुख्य तक्रार आहे. ग्रीन्सबरोच्या डॉक्टरांना काळ्या-गोऱ्यांचे आकडे वेगळे दाखवले म्हणून अंतर दिसले. आमचे अंतर कुणाला दिसणार, आकडेच वेगळे नसतील तर?

आशाताईंचा फॉर्म

माझी एक सूचना आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी गावातल्या आशाताई 'सीबॅक' नावाचा एक फॉर्म भरतात. त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम वा चट्टा आहे का, आवाज बदलला आहे का, स्त्रियांना स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, असे प्रश्न आहेत. म्हणजे रोग्याला विचारण्याचे साधन गावात आलेलेच आहे. मामांच्या गावातही ते होते. मी तो फॉर्म पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आले की उत्तर 'आहे' किंवा 'नाही' एवढेच द्यायचे असते.

'आहे' असे उत्तर आले तर आणखी तीन प्रश्न विचारावेत : कधीपासून आहे? (तारीख नको, सण चालेल.) आतापर्यंत कुणाकुणाला दाखवले? पुढे जायला काय अडते आहे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दर महिन्याला आरोग्य केंद्राच्या बैठकीत वाचले जावे. दहा घरांनी 'चुकारे आले नाहीत' असे सांगितले किंवा दहा घरांनी 'कार्डात नाव चुकले' असे सांगितले तर काय करायचे ते कुणालाही कळेल. प्रश्न गोंडीत आणि माडियात विचारले जावेत. मामांना 'जखम' हा शब्द कुऱ्हाड लागली तरच वापरायचा असे वाटे. तोंडातल्याला ते 'छाला' म्हणत.

मर्यादा

विचारले की सगळे कळते असे मात्र नाही. डॉ. राणी बंग यांच्या त्याच अभ्यासात सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी काहीच तक्रार सांगितली नव्हती, आणि तरी तपासणीत रोग आढळले. जो रोग बोलत नाही त्याच्यासाठी तपासणीच हवी. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. त्या स्त्रियांना आधी काही जाणवत असण्याची गरज नव्हती.

दुसरे असे की आठवण चुकते. आमच्या ३४ आठवड्यांत दोन-तीन आठवडे इकडेतिकडे असतील, हे मला मान्य आहे. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही माहिती रोग्याला दोष देण्यासाठी वापरली गेली तर पुढच्या वेळी कुणी खरे सांगणार नाही. 'इतके दिवस कुठे होता?' हा प्रश्न आणि 'इतके दिवस काय अडले?' हा प्रश्न यांत फार फरक आहे. मामांना आयुष्यभर पहिलाच प्रश्न ऐकायची सवय होती, म्हणून त्यांनी पंधरा दिवस सांगितले.

आपण काय करावे?

आपल्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. आपण रस्ता झाडतो, शोषखड्डे खणतो, पथनाट्य करतो. ते चांगलेच आहे. पण आपल्यातले कितीतरी जण घरी गोंडी, माडिया, झाडीबोली बोलतात. नागपूरच्या डॉक्टरांना जे जमणार नाही ते आपल्याला जमेल. शिबिराच्या गावात आशाताईंबरोबर बसून त्या गावाची सण-हंगामाची दिनदर्शिका आपण करून देऊ शकतो. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांची नावे रेशनकार्डावर आणि आधारवर सारखी आहेत का ते बघू शकतो. कुणाला बाहेरगावी दवाखान्यात जायचे असेल तर सोबत जाऊ शकतो. चंद्रपुरात आता कर्करोगाच्या स्वतंत्र रुग्णालयाची इमारत उभी राहिली आहे. ती उभी राहिल्याने शेवटचे पाच आठवडे कमी होतील अशी आशा आहे. आधीचे २९ आठवडे कमी करण्याचे काम गावातच करावे लागेल.

आणि खर्रा खाणाऱ्या मित्रांनी, हा लेख वाचून झाल्यावर, तीन बोटे तोंडात जातात का एवढे तरी पाहावे ही विनंती.

मामा २०२५ च्या कार्तिकात गेले. रोग गळ्यात परत आला होता. त्याआधी एकदा आम्ही नागपूरला पुन्हा तपासणीला गेलो होतो, तेव्हा तेच तरुण डॉक्टर होते. मामांनी मला खूण केली. मी वहीतले पान काढून डॉक्टरांपुढे ठेवले आणि सांगितले की पहिल्या दिवशी आम्ही पंधरा दिवस सांगितले होते, ते खरे नव्हते. मला वाटले ते रागावतील. त्यांनी पान पूर्ण वाचले, दोन ठिकाणी प्रश्न विचारले, आणि जुन्या केसपेपरवर '१५ दिवस' खोडून '३४ आठवडे' लिहिले. खाली सही केली. मामा ते पाहत होते. त्यांना वाचता येत नव्हते, तरी काय लिहिले ते त्यांना कळले.